टॅपेटकाका

गाडीचं बॉनेट उघडलं की आत वाकून बघायला एक माणूस कुठून तरी उगवतोच. त्याचं गाडीशी, मालकाशी, मिस्त्रीशी काही देणंघेणं नसतं. हात पाठीमागे बांधलेले, चष्मा कपाळावर, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काय झालं?" उत्तर ऐकायला मात्र तो थांबत नाही. असा माणूस पेणलाही सापडेल, चिपळूणलाही. पण माणगावात त्याला जेवढं काम आहे तेवढं दुसरीकडे नसावं. मुंबई-गोवा महामार्ग गावातून जातो, ताम्हिणी उतरून आलेली पुण्याची वाहनं इथेच येऊन मिळतात आणि श्रीवर्धन-दिघीला जाणारेही इथूनच वळतात. पळस्पे-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. त्यानंतर शाळेत गेलेली पोरं आता स्वतः गाड्या घेऊन याच गर्दीत उभी असतात. गणपतीत तर गाड्या माणगावातून जात नाहीत, मुक्कामालाच येतात.

आमच्याकडच्या या गृहस्थांना सगळे टॅपेटकाका म्हणतात, कारण निदान एकच. गाडी काळा धूर सोडो, पाणी पिओ, नाही तर सुरूच न होवो, काका डोळे मिटून सांगणार, "टॅपेट." एकदा पंक्चर झालेल्या टेंपोलाही सांगून झालंय.

काकांचा हिशेब मात्र चोख. गर्दीत अडकलेल्या ड्रायव्हरला गाठून ते सुनावतात, "अरे, मीटर काय बघतोस? उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला आठशे फेरे मारतंय समज. म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा एकेक रॉकर मिनिटाला चारशे वेळा डोलतोय. दोन तासांत अठ्ठेचाळीस हजार! आणि गाडी कुठे? वडापावच्या गाडीसमोर!" ड्रायव्हर काच वर करतो.

परवा श्रीवर्धनकडून मासळी आणणारी एक जुनी डिझेल पिकअप गॅरेजला लागली. वरून टक-टक-टक. काकांनी डोळे मिटले. या वेळी सगळ्यांनाच त्यांचं पटलं, कारण आवाज खरोखर तिथलाच होता. मिस्त्रीने टॅपेट कव्हर काढलं, फिलर गेज घालून रॉकर आणि व्हॉल्व्हमधल्या फटी जुळवल्या. आवाज जसाच्या तसा. "सैल ठेवलंस," काका म्हणाले. मिस्त्रीने पुन्हा तपासलं. "आता आवळलंस."

"काका, फट बरोबर आहे. फिलर खोटं बोलतोय," म्हणत मिस्त्रीने रॉकर शाफ्टचे बोल्ट थोडे थोडे, पाळीपाळीने सैल केले. एकच बोल्ट सरळ उघडला तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा शाफ्ट वाकडा उचलतात. एक रॉकर डिझेलमध्ये धुऊन त्याने काकांचा अंगठा धरला आणि रॉकरच्या टोकावर फिरवला. नख अडकलं. व्हॉल्व्हच्या डोक्यावर आपटून आपटून पोलादात बशीसारखा खळगा पडला होता. फिलरची सरळ पट्टी खळग्याच्या काठांवर टेकायची, आतली खोली तिला कळायचीच नाही.

"म्हणजे आपला हायवेच," काका म्हणाले. "वरून मोजला की सपाट, गाडी घातली की समजतं!"

शाफ्टमधली तेलाची भोकं काळ्या गाळाने बुजली होती. ड्रायव्हर ऑइल बदलायचा किलोमीटर बघून, आणि किलोमीटर वाढायला गाडी हलायला तर हवी! खरा रोग काकांच्या अठ्ठेचाळीस हजारातच होता. पण ते श्रेय त्यांनी घेतलं नाही. त्यांना टॅपेटचंच हवं होतं.

आठही रॉकर नवे घ्यायचे ठरले, सोबत शाफ्टही. "शाफ्ट कशाला? खर्चात पाडतोस गरिबाला," काकांनी ड्रायव्हरची बाजू घेतली. मिस्त्रीने खाच पडलेला शाफ्ट पुढे केला. यावर नवा बुश चढवला तर तोही लवकरच खाल्ला जाणार. काकांनी लगेच बाजू बदलली आणि ड्रायव्हरलाच झापलं, "कंजुषी करू नकोस रे!"

काढलेले पुश रॉड मिस्त्रीने पुठ्ठ्याला भोकं पाडून, एक ते आठ नंबर टाकून ओळीने खोचले होते. जो जिथला, तो तिथेच परत जायला हवा; इतक्या वर्षांत प्रत्येकाचं टोक आपापल्या जागी झिजून बसलेलं असतं. उकडत होतं. काकांनी वारा घ्यायला पुठ्ठा उचलला.

कधी आवाज न चढवणारा तो मिस्त्री "काकाऽऽ!" असा ओरडला की समोरच्या केळीवाल्याने हातातला घड खाली ठेवला. एकच रॉड निसटला होता, नशिबाने सातवं भोक रिकामं दिसत होतं.

शेवटी फटी जुळवताना काका खुलले. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलायला लागले की एक नंबर जुळवायचा, तीनचे हलले की दोन. बेरीज नेहमी पाच. "ताळा जमतोय!" ते ओरडले. तेव्हा कुठे ड्रायव्हरला कळलं, की काका एसटीत पस्तीस वर्षं होते ते वर्कशॉपात नव्हे, हिशेब खात्यात.

पिकअप गेली. काकांनी एक जुना रॉकर खिशात घातला आणि टॅपेटचं नाव घेणं त्या दिवसापासून सोडलं. संध्याकाळी एक मुलगा कुरकुरणारी बॅटरीची स्कूटर ढकलत आला.

"रॉकर," काका म्हणाले.

"काका, याला इंजिनच नाही," मिस्त्री म्हणाला.

काकांनी मुलाकडे संशयाने पाहिलं. "नाही? मग काढलं कोणी?"