लार्ज सॅक, मीडियम माणूस

प्रस्तुत लेखकाने सॅक निवडायला आठ महिने घेतले. डेन्व्हरमधलं राहतं घर त्याने दोन शनिवारांत पसंत केलं होतं, ही आठवण बायको मधूनमधून करून देई. त्यावर लेखकाचं उत्तर तयार असे : घर पाठीवर घेऊन डोंगर चढायचा नसतो.

डोंगर उपटला तो शेजाऱ्यांमुळे. शेजारी म्हणजे सत्तरीला टेकलेले निवृत्त प्लंबर. दर ऑक्टोबरात एल्कच्या शिकारीला जाणारे. त्यांच्या नेहमीच्या जोडीदाराचा गुडघा बदलला, तेव्हा त्यांनी कुंपणावरून विचारलं, "परवाना माझा, बंदूक माझी. तू उचलायला येशील का?" लेखकाच्या कानाने यातला 'बंदूक' एवढाच शब्द टिपला. त्याच रात्री त्याने पुण्यातल्या ट्रेकच्या ग्रुपवर जाहीर केलं, की आपण रॉकीजमध्ये शिकारीला निघालो आहोत. 'उचलायला' हा तपशील जागेअभावी गाळण्यात आला.

थाप अगदीच उघडी पडू नये म्हणून त्याने शिकार-सुरक्षेचा वर्गही लावला. 1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही कोलोरॅडोत हे प्रमाणपत्र असल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही. वर्गात लेखकाच्या डावीकडे बारा वर्षांची एक मुलगी होती आणि उजवीकडे तिचा धाकटा भाऊ. परीक्षेत दोघांनाही लेखकापेक्षा जास्त मार्क पडले.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा अमेरिकेत स्थायिक झालेला आणि म्हणून अंगाने सुटलेला चुलतभाऊ. रॉकीजमधला पुरा वाढलेला नर 300 किलोंच्या घरात जातो. ससा पिशवीत टाकून आणता येतो. एल्क जिथे पडतो तिथेच त्याला सोलावं लागतं, आणि तेही झटपट, कारण कातड्याखाली ऊब कोंडून राहिली की मांस नासतं. मग दोन मागच्या तंगड्या, दोन पुढचे खांदे, कण्यालगतच्या लांब पट्ट्या असे भाग सुटे करून सुती पिशव्यांत भरायचे. हाडं काढली तरी 80 ते 100 किलो मांस उरतं. शिंगं घेऊन मांस रानातच टाकून देणं हा कोलोरॅडोत गंभीर गुन्हा आहे. वर शेजाऱ्यांची जागा फ्लॅट टॉप्सच्या राखीव रानात. 1964च्या वाइल्डरनेस कायद्याने तिथे मोटार तर नाहीच, हातगाडीचं चाकसुद्धा चालत नाही. घोडा तरी हवा, नाहीतर पाठ. शेजाऱ्यांकडे घोडा नव्हता.

पाठीबद्दल लेखकाला चिंता नव्हती. कळसूबाई चार वेळा, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने दोनदा, असा त्याचा लौकिक होता आणि तो टिकवण्याची जबाबदारीही त्यानेच घेतली होती. कळसूबाईची उंची 1646 मीटर. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून 1609 मीटरवर वसलेलं. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा जेमतेम 37 मीटर खाली लेखक रोज कोथिंबीर आणायला जातो. हा हिशोब त्याच्या मुलीने मांडला. तिला त्या दिवशी आइस्क्रीम मिळालं नाही.

सॅकसाठी अकरा रकान्यांची एक्सेल शीट तयार झाली. शिकारीच्या सॅका घन इंचांत मोजतात. 61 घन इंच म्हणजे एक लिटर, तेव्हा 7000 घन इंचांची सॅक झाली सुमारे 115 लिटरची, घरच्या पाण्याच्या पिंपाएवढी. फ्रेम ॲल्युमिनियमची, कार्बन फायबरची की टायटॅनियमची, यावर लेखकाने मार्च आणि एप्रिल काढले. मे महिन्यात खरी गोम कळली. साध्या सॅकेत सगळं पिशवीत कोंबतात. या सॅकांची पिशवी फ्रेमपासून सुटी होते, मधे फट उघडते आणि मांस त्या फटीत, थेट पाठीला चिकटून बसतं. याला म्हणतात लोड शेल्फ. ओझं पाठीपासून वीतभर जरी लांब लोंबलं, तरी ते चढावर माणसाला मागे खेचतं. मिस्टरी रँच आणि स्टोन ग्लेशियर या कंपन्या निघाल्या मोंटानातल्या बोझमनला, एक्सो आयडाहोतल्या बॉइसीला, किफारू कोलोरॅडोतच. एल्क जिथे राहतो तिथेच या सॅका जन्मल्या. मासळीबाजाराशेजारी कोयत्यांना धार लावणारा बसतो, तसंच हे.

मग आला मापाचा प्रश्न. सॅकचं माप माणसाच्या उंचीवर ठरत नाही. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड बोटाला लागतं, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या काठापर्यंत टेप धरायची. बायकोने धरली. आकडा आला मीडियमचा. लेखकाने श्वास भरून, छाती काढून पुन्हा मोजायला लावलं. आकडा तोच. तेव्हा त्याने टेप जुनी झाल्याचं निदान केलं आणि लार्ज मागवली. रंग अर्थातच पानाफांद्यांच्या नक्षीचा, त्याचे चाळीस डॉलर वेगळे.

सॅक आल्यावर सराव सुरू झाला. वीस-वीस पौंडांच्या सोना मसुरीच्या दोन थैल्या सॅकेत घालून लेखक रोज संध्याकाळी कॉलनीला तीन फेऱ्या मारू लागला. चौथ्या दिवशी समोरच्या आजींनी गाडी थांबवून हळूच विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना.

शिकारीची पहाट उजाडली आणि चाळीस डॉलर तिथेच बुडाले. रायफलच्या हंगामात शिकाऱ्याच्या अंगावर निदान 500 चौरस इंच भडक नारिंगी कापड लागतं, शिवाय डोक्याला नारिंगी टोपी. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. लेखकाच्या हाती बंदूक नसली तरी शेजारी म्हणाले, "सॅकने तुझी पाठ झाकली. मागून तू झुडूप दिसतोस, आणि झुडपात शिंगं शोधणारे लोक इथे बरेच आहेत." त्यांनी आठ डॉलरचं नारिंगी फडकं काढून सॅकवर बांधलं. पानाफांद्या अंतर्धान पावल्या. एल्कला नारिंगी आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. तेव्हा ती नक्षी कुणासाठी होती, याचं उत्तर फक्त ट्रेकच्या ग्रुपवरच्या फोटोंत सापडेल.

बार झाला तेव्हा प्रस्तुत लेखक सॅकच्या सातव्या कप्प्यात चिवडा शोधत होता.

पुढचे तीन तास बोलण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं. शेजाऱ्यांनी टोपी काढून जनावराच्या मानेवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मग सुरी काढली. लेखकाने पाय धरले, पिशव्या धरल्या, टॉर्च धरला. संध्याकाळी मागची एक तंगडी हाडासकट त्याच्या लोड शेल्फवर चढली. 27 किलो. एवढं ओझं उभ्याने पाठीवर घेणं अवघड. सॅक उताराला टेकवून ठेवायची, तिच्यापुढे बसून पट्टे चढवायचे, मग कुशीवर लोळून हात आणि गुडघे टेकायचे आणि तिथून उभं राहायचं. कळसूबाई चार वेळा सर केलेला माणूस 3200 मीटरवर बर्फात रांगत होता.

पहिल्या किलोमीटरातच खांदे पेटले. लार्ज फ्रेमचा पट्टा कमरेच्या हाडाखाली घसरून मांड्यांवर नाचत होता आणि सगळा भार खांद्यांवर आला होता. शेजाऱ्यांनी हाक न मारताच मागे वळून पाहिलं. "कुठलं माप लावलंयस?" लेखक गप्प. त्यांनी खांद्यांचे पट्टे फ्रेमवर दोन खाचा खाली सरकवले, कमरेचा पट्टा बेंबीच्या उंचीवर आणून करकचून आवळला, खांद्यांवरच्या वाद्या तिरप्या ओढल्या. दोन मिनिटांत मीडियमची सॅक झाली आणि ओझं कमरेवर उतरलं. शेजाऱ्यांच्या स्वतःच्या पाठीवर त्यांच्या वडिलांची ॲल्युमिनियमची फ्रेम होती, जागोजागी दोरीने बांधलेली.

इथे लेखकाच्या लाडक्या विषयाला तोंड फुटतं. शिकारी दोन पावलं पुढे गेले तरी चालेल, पण कमरेची गोष्ट सांगितलीच पाहिजे. 1924 साली लॉइड नेल्सन नावाच्या माणसाने 'ट्रॅपर नेल्सन' या लाकडी फ्रेमच्या सॅकचं पेटंट घेतलं. कल्पना अलास्काच्या मूळ रहिवाशांची, काठ्यांवर ताणलेल्या सीलच्या कातड्याची. मग 1952 साली कॅलिफोर्नियातल्या डिक केल्टीने ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या सॅका विकायला काढल्या. तो घरी फ्रेम वाकवी, बायको नीना पिशव्या शिवे. केल्टीची गोष्ट अशी सांगतात, की एका चढावर फ्रेमची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोवली आणि खांदे एकदम हलके झाले. ओझ्याला बूड मिळालं. तेव्हापासून सॅकच्या जाहिराती कमरेचे गोडवे गातात.

पण नेपाळी भरिया, म्हणजे तिथला हमाल, कमरेचा पट्टा बांधत नाही. त्याची टोपली, डोको, पाठीवर आणि तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर. 2005 साली 'सायन्स' या नियतकालिकात या भरियांचा अभ्यास छापून आला. नामचे बाजारला जाणारे पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या 93 टक्के ओझं वाहत होते, बायका 66 टक्के. सर्वांत जड ओझं 183 टक्के. थोडं चालायचं, टोकमा नावाची काठी ओझ्याखाली टेकवून उभ्याउभ्याच दम घ्यायचा, पुन्हा थोडं चालायचं. लेखकाचं वजन 78 किलो, ओझं 27. टक्केवारी 35. नेपाळात त्याला कुणी बाजाराची पिशवीसुद्धा दिली नसती.

आणि नेपाळही लांब राहिलं. कराडला लेखकाच्या बाबांचं किराणा दुकान होतं. ट्रक आला की हमालमामा यायचे. डोक्यावरून पाठीवर पोत्याची खोळ, खांद्यात वाकलेले, अंगाने पंचावन्न किलो असतील-नसतील. साखरेचं पोतं शंभर किलोंचं. म्हणजे त्या अभ्यासातलं सर्वांत जड ओझं आमच्या दुकानात पायरी चढून रोज आत येत होतं आणि ते कुठे छापून आलं नाही. फळीवर बसून खडूने एकेका पोत्याचा फराटा ओढणं हे लेखकाचं काम. फराटे मोजायला तो शिकला तो तिथेच. 1967 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एका पुरुषाने जास्तीत जास्त 55 किलो उचलावेत अशी शिफारस केली होती. 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. पोतं 50 किलोंचं करा म्हणून बाबा आढावांची हमाल पंचायत वर्षानुवर्षं भांडली. दुकानात यातलं काही पोचलं नव्हतं. पोतं टाकल्यावर हमालमामा भिंतीला पाठ लावून उभे राहत आणि लेखकाला म्हणत, "मांड बाबा, एक झालं." त्यांच्या मानेचं माप कुणी टेपने घेतलं नाही. त्यांचं नावसुद्धा लेखकाला आठवत नाही, आणि साडेसहाशे डॉलरची सॅक पाठीवर असताना, भर उतारावर, त्याला या गोष्टीचा इतका राग आला की तो शंभरेक पावलं शेजाऱ्यांच्या पुढे निघून गेला.

"वाट डावीकडे आहे," मागून आवाज आला.

उरलेलं मांस आतड्यांच्या ढिगापासून लांब, सावलीत झाडाला टांगून ठेवलं होतं, कारण अस्वलं आधी ढिगाकडे येतात. ते दुसऱ्या दिवशी खाली आलं. एकूण पाच खेपा झाल्या. दोन लेखकाच्या, तीन सत्तरीच्या शेजाऱ्यांच्या. ट्रेकच्या ग्रुपवर 'आम्ही पाच खेपा केल्या' असं गेलं आहे, आणि व्याकरणदृष्ट्या त्यात चूक नाही.

एल्कचं डोकं तपासणीला गेलं. हरणांच्या मेंदूला पोखरणारा एक रोग 1967 साली कोलोरॅडोतल्याच फोर्ट कॉलिन्सला पहिल्यांदा दिसला, म्हणून इथे जाणते लोक अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवतात. अहवाल चांगला आला आणि शेजारी कागदात गुंडाळलेल्या सहा पुडक्यांसह दारात उभे राहिले. एक पुडकं लांबट होतं. नळी. नळीच्या वाटेने दोनदा गेलेल्या माणसाला ती आपसूक मिळाली, असं लेखक पाहुण्यांना सांगतो. एल्कच्या मांसाला फारशी चरबी नसते, घाई केली की चामडं होतं. कांदा-लसूण मसाल्यात ते चार तास मंद आचेवर राहिलं. शेजाऱ्यांनी तीन वेळा रस्सा घेतला आणि कपाळाचा घाम टोपीने पुसला.

एक्सेलच्या शीटमधला अकरावा रकाना होता 'सॅकची किंमत भागिले मांसाची किंमत'. तो अजून रिकामाच आहे. रानातल्या शिकारीचं मांस अमेरिकेत विकता येत नाही. ते स्वतः आणावं लागतं, नाहीतर कुणी द्यावं लागतं. भागायला आकडाच नाही.

गेल्या रविवारी भारतीय दुकानातून सोना मसुरी आली. सॅक गॅरेजच्या खुंटीला लटकत होती, माप दुरुस्त करून मीडियमवर. लेखकाने तिच्याकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं, एका जुन्या पोत्याची खोळ केली, डोक्यावरून पाठीवर ओढली आणि वीस पौंडांची थैली मानेवर घेतली. गाडीपासून स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत अकरा पावलं. सातव्या पावलाला दार उघडून बायको बाहेर आली. तिने काही विचारलं नाही. चौकटीला पाठ लावून ती बाजूला झाली आणि म्हणाली, "डिकीत अजून दोन आहेत."