बिल कोणती कंपनी भरणार?

लोणावळा आणि चाकण नकाशावर तसे शेजारी, पण हॉटेलांच्या बाबतीत दोघांचा छत्तीसचा आकडा. लोणावळ्यात खोलीचे भाडे शनिवारी घाट चढते आणि सोमवारी मुकाट्याने उतरते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात सोमवार ते गुरुवार खोलीसाठी मारामार. शुक्रवारी संध्याकाळी गळ्यात ओळखपत्र घातलेली मंडळी बॅगा ओढत विमानतळाकडे पळाली की भाव पडतो, आणि शनिवारी लॉबीत एखादे वऱ्हाड उतरले तर उतरले, नाहीतर कुंडीतला पाम एकटाच. तेव्हा इकडे पदरच्या पैशाने राहायचे असेल तर शनिवार-रविवार गाठावा.

आम्हाला गुरुवार गाठावा लागला. भाच्याने मोशीला फ्लॅट घेतला, त्याची वास्तुशांत होती. मुहूर्त गुरुजींनी काढला असे निमंत्रणात छापले होते; खरा तो कारखान्याने काढला होता. भोसरी-चाकणकडच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. महावितरणसुद्धा दुरुस्तीसाठी वीज घालवायची तर गुरुवारीच घालवते. मग ग्रहांची काय बिशाद दुसऱ्या वाराला अनुकूल व्हायची! फ्लॅट दोन बेडरूमचा आणि नातलग सहा बेडरूमचे, म्हणून बुधवारच्या रात्रीपुरते आम्ही दोघे हॉटेलात.

"मामा, ॲपवर 'पुणे' दिसलं म्हणून कुठलंही घेऊ नका," भाच्याने फोनवर बजावले. ॲपच्या लेखी चाकण पुण्यातच. शनिवारवाडा बघून चालत परत येऊ, असा बेत करणाऱ्याने मध्ये तीसेक किलोमीटर आहेत हे लक्षात ठेवावे. शिवाय इथे किलोमीटर विचारूच नयेत. शिफ्ट सुटायच्या वेळी चाकणच्या तळेगाव चौकात कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर आणि ट्रेलर असे काही एकमेकांत गुंततात की समोरच्या ट्रेलरवरच्या नव्याकोऱ्या मोटारींचे नंबर पाठ व्हावेत, तर त्यांना अजून नंबरही नसतात. मेट्रो आहे, २०२२ पासून धावते; पण ती पिंपरीत महापालिकेजवळून पुण्याकडे जाते. चाकणकडे तिची पाठ.

पहाटेच्या ट्रॅव्हल्सने आम्हाला नाशिक फाट्यावर सोडले आणि उजाडता उजाडता आम्ही मोशीच्या पुढच्या त्या काचेच्या हॉटेलात पोचलो. काउंटरवरच्या मुलाने हसून पहिला प्रश्न विचारला, "सर, कुठल्या कंपनीकडून?"

"कंपनी नाही. आम्ही दोघंच."

"म्हणजे बिल..?"

"मीच भरणार."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत आदर होता की काळजी, ते कळेना. मग दोघांचीही आधार कार्डे मागितली. (पॅन कार्ड पुढे करू नये, त्यावर पत्ता नसतो.) शेजारी एक कोरियन गृहस्थ पासपोर्ट देऊन उभे होते. परदेशी पाहुण्याची माहिती हॉटेलला चोवीस तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, त्यामुळे त्यांच्याकडे तीन जण लागले होते. आमची माहिती सरकारला नको होती. आणि खोली? "चेक-इन दुपारी दोनला, सर. आधी हवी असेल तर उपलब्धतेनुसार, चार्जेस लागतील."

दोन वाजेपर्यंत थांबणे जिवावर आले, पण चाकणला थांबण्याची परंपरा जुनी आहे. १६६० साली शाइस्तेखान प्रचंड फौज घेऊन इथल्या संग्रामदुर्गापाशी आला, तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांनी त्याला चेक-इनसाठी जवळजवळ दोन महिने ताटकळत ठेवले. पुढे १६६३ मध्ये लाल महालातून त्याचे चेक-आउट कसे झाले, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. तोच किल्ला, कांद्याचा बाजार आणि आता मोटारींचे कारखाने, एवढे सगळे एका गावात. पिंपरीतल्या कारखान्यांची सुरुवात चाकणच्या आधीची: १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि शेतांच्या जागी शेड उभ्या राहिल्या. त्या काळी बाहेरगावचा इंजिनिअर लॉजवर उतरे आणि खानावळीत जेवे. त्याच्या नातवाला खोलीत इस्त्रीचे टेबल लागते.

ते होते. किंबहुना खोलीत जे होते ते सगळे एकट्या माणसासाठी होते. एक टेबल, एक खुर्ची, टेबलावर प्लगच्या खोबणींची रांग. पलंगाला लागून आख्खी भिंत काचेची, आणि काचेपलीकडे न्हाणीघर! हिने दारातच पाऊल मागे घेतले. "अहो, हे काय, दुकान आहे का शोकेसचं?" अशा वेळी घाबरून खाली फोन करू नये. पडदा असतो, त्याची दोरी कोपऱ्यात, पडद्याच्याच रंगाची, शोधली की सापडते. एकट्या सेल्स मॅनेजरला तिची गरज पडत नाही, म्हणून ती अशी लपवलेली.

दिव्यांचे वेगळेच. दाराजवळच्या खोबणीत कार्ड घातले तरच वीज. म्हणजे खोलीबाहेर पडताना कार्ड काढायचे, की एसी बंद, मोबाइलचे चार्जिंगही बंद. भाचा म्हणाला होता की काही ठिकाणी कुठलेही कार्ड चालते. हिने पर्स उलटी केली आणि गावच्या वाचनालयाचे कार्ड खोबणीत सरकवले. लख्ख उजेड पडला. इतकी वर्षे वर्गणी भरतोय, वाचनालयाने आमच्या आयुष्यात पाडलेला सर्वांत स्वच्छ प्रकाश तोच.

बादली नव्हती. डोक्यावर ताटाएवढा शॉवर. फोन करून बादली-मग मागवला तर "ऑन रिक्वेस्ट आहे, मॅम" असे उत्तर आले आणि पाच मिनिटांत गणवेशातला मुलगा दोन्ही हातांनी बादली धरून अदबीने दारात. तेव्हा लाजू नये, मागावे. पाण्याच्या दोन बाटल्या फुकट, तिसरी बिलात. फ्रिजमधले काजू पहिल्यापासूनच बिलात.

सकाळच्या नाश्त्याला मात्र पैसे वसूल. सेफ्टी शूज घातलेली माणसे सात वाजता मिसो सूप पीत होती. पोह्यांच्या भांड्याशेजारी किमची ठेवलेली. कोरियन गृहस्थांनी पोहे घेतले आणि त्यावर किमची घातली. हिने ते पाहिले, स्वतःच्या पोह्यांवर घातली, चाखली. "मुळा बरा लागलाय," ती म्हणाली, "पण ओलं खोबरं विसरले." गृहस्थांनी नम्रपणे मान लववली.

बिलाच्या वेळी मुलाने जीएसटी नंबर विचारला. माझ्याकडे फक्त गॅसचा ग्राहक क्रमांक होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, त्यावर गेले की १८. तेव्हा ७६०० ची खोली घेण्याइतका अव्यवहार नाही. रेस्टॉरंटच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ सालीच सांगितले आहे, तेही वाचून घ्यावे. मी वाचत होतो तेवढ्यात मुलगा हळूच म्हणाला, "सर, तुमच्याच खोलीचा कॉर्पोरेट रेट बराच कमी आहे. कंपनी असती तर..."

ज्याला बिल भरायचेच नाही त्याला स्वस्त, आणि ज्याच्या खिशातून जाते त्याला महाग! मी काही बोलण्याआधी ही पुढे झाली. "लिही कंपनीचं नाव. छत्तीस वर्षं जुनी आहे, दोन पार्टनर, एकदाही नफा नाही."

मुलाने बोटे कीबोर्डवर ठेवली आणि गंभीरपणे विचारले, "प्रायव्हेट लिमिटेड का, मॅम?"