अण्णांचे सेल

आमच्या अण्णांच्या मते सेल मरत नाही, त्याची बदली होते. नातवाची मोटार ओढेनासा झाला की तो टीव्हीच्या रिमोटमध्ये रुजू होतो, रिमोटनं मान टाकली की भिंतीवरच्या घड्याळात. घड्याळाला वीज लागते इतकी थोडी की थकलेला पेन्सिल सेलही ते महिनोन्‌महिने रेटतो. म्हणजे शास्त्र अण्णांच्या बाजूनं, आणि खरी पंचाईत तीच! मधल्या काळात सेल उन्हात ठेवणं, दातानं चावणं, रिमोटच्या पाठीत धपाटे घालणं आणि सेल जागच्या जागी गोल फिरवणं हे उपचार चालू असतात. फिरवल्यानं टोकावरचा मळ घासला जाऊन रिमोट खरंच चालतो. त्यामुळे चावण्यावरचीही श्रद्धा वाढते.

परवा बीपीच्या यंत्रातल्या सेलला पाणी सुटलं. त्यात चारपैकी तीन सेल नवे आणि एक अण्णांच्या ठेवणीतला. ‘नव्यांनी जुन्याला सांभाळून घ्यावं,’ हे त्यांचं धोरण. नवे सांभाळत नाहीत. रिकाम्या झालेल्या जुन्यातूनही प्रवाह रेटत राहतात. मग त्याच्या पोटात वायू साठतो आणि शेवटी तो शिवण सोडतो.

हे निस्तरण्याचं खातं घरात माझ्याकडे आहे. झाकण उघडलं तर स्प्रिंगवर मिठासारखी पांढरी खरवड आणि पट्टीच्या कडेला हिरवट-निळी झाक. आई लगेच अर्धं लिंबू घेऊन हजर. अण्णा म्हणाले, “खायचा सोडा लाव.” दोघांचंही बरोबर असू शकतं, हे आमच्या घरात क्वचितच घडतं. साध्या झिंक-कार्बन सेलचा ओघळ आम्लधर्मी, त्याला सोडा. अल्कलाइनमधून पाझरतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड; हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याची पांढरी भुकटी होते. त्याला लिंबू नाहीतर व्हिनेगर. सेल कुठल्या जातीचा ते त्याच्या अंगावर छापलेलं असतं. फक्त ती अक्षरं नेमकी खरवडीखाली गेलेली असतात.

खरवडून पाहिलं. अल्कलाइन! आई जिंकली.

हातमोजे घातले, कारण हा पदार्थ कातडीला भाजतो. कोरडी भुकटी जुन्या टूथब्रशनं झाडली. इअरबड लिंबाच्या रसात जेमतेम ओला करून स्प्रिंगला लावला, तसा बारीक चुरचुर आवाज करत फेस आला. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून तो जवळून पाहिला, पण कौतुक केलं नाही. मग स्पिरिटचा बोळा फिरवला, कारण लिंबू तसंच राहिलं तर पुढे तेच पट्टी खातं. शेवटी पॉलिश पेपरचा हलका हात.

यंत्र वाळेपर्यंत बंद होतं, पण आईचं बीपी न मोजताही कळत होतं. मे महिना, लिंबू दहा रुपयांना एक. “एवढ्यात नवा सेल आला असता,” ती म्हणाली.

“म्हणूनच मी सोडा म्हणत होतो,” अण्णा म्हणाले.