वहिनी, आमच्याकडे ट्रक येतोय!

अहो वहिनी, जरा कुंपणाशी या! राहू दे ती कोथिंबीर, डॅलसच्या उन्हात उद्यापर्यंत करपणारच आहे. ऐकलंत का, आमच्याकडे ट्रक येतोय. नाही हो, घर कुठं हलवतोय! यांना पिकअप घ्यायचाय. पन्नाशी जवळ आली की कुणाला मॅरेथॉन सुचते, आमच्यांना ट्रक सुचलाय.

घरात दोन पक्ष पडलेत. मुलगा म्हणतो, मिडसाइज घ्या, टोयोटाचा टॅकोमा पुरे. हे म्हणतात, टेक्सासात राहून घ्यायचा तर फुलसाइजच, एफ-150. का, तर सगळे तोच घेतात. आता 1977 पासून या देशात फोर्डच्या एफ-सीरीजइतका दुसरा कुठला पिकअप खपलेला नाही, हे खरं. पण म्हणून आपणही? कोपऱ्यावरच्या घरासमोरचा तो काळा, उंच उचललेला ट्रक बघा. त्यातून एच-ई-बीच्या किराणाच्या पिशव्यांखेरीज काही उतरताना मी तरी पाहिलं नाही. माणूस चांगला आहे हो. आमच्या गाडीची बॅटरी बसली तेव्हा सासूबाईंना देवळात सोडायला आपणहून आला. पण नऊवारीत त्या चढणार कशा? स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं तेव्हा कुठे बसल्या, आणि उतरताना दोघांनी धरलं.

मी वाद घातला नाही, मोजपट्टी घेऊन गॅरेजात गेले. आपली गॅरेजं आतून 20 फूट. यांच्या मनातला चार दारांचा एफ-150 सव्वाएकोणीस फुटांच्याही वर. पुढे वॉटर हीटर, शेजारी फ्रीझर. गाडी आत गेली तर माणसानं वावरायचं कुठून? रुंदी आरशांसकट 8 फूट, ती निराळीच. ड्राइव्हवेत उभा करावा तर शेपूट फुटपाथवर, आणि मग एचओएचं, म्हणजे आपल्या घरमालक संघाचं, प्रेमपत्र. कचऱ्याच्या डब्यावरून तुम्हाला आलंच होतं की! टॅकोमा पावणेअठरा फूट, तो मावतो. तोही काही लहान नव्हे म्हणा. 1990 च्या दशकातला एकाच रांगेचा, आखूड बेडचा एफ-150 याच्याहून छोटा होता. मिडसाइज म्हणे!

मला आपलं वाटायचं, छोटा घेतला की गॅसचे पैसे वाचतील. कसलं काय! फोर-व्हील ड्राइव्हचा टॅकोमा आणि 2.7 लिटर इंजिनाचा एफ-150, सरकारी आकड्यांत गॅलनमागे जेमतेम एखाद्या मैलाचा फरक. हे कळल्यावर यांची कळी जी खुलली!

मग निघाला ओढायच्या ताकदीचा विषय. टॅकोमा फार तर 6,500 पौंड ओढतो, एफ-150 नीट निवडला तर 13,000 च्या पुढे. यांच्या डोक्यात कॅम्पर आहे, बिग बेंडला न्यायचा. पण वहिनी, हा झाला जाहिरातीतला आकडा. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील तो. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांवर तो वेगळा निघतो. चामड्याच्या खुर्च्या, सनरूफ, जेवढा थाट तेवढं वजन आधीच वजा. आणि कॅम्परच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हुकावर पडतो, तोही ह्यातच धरायचा. 6,000 पौंडांचा कॅम्पर असला तर 600 ते 900 पौंड तिथंच गेले. उरलेल्यात आम्ही चौघं, सासूबाई आणि त्यांचे लाडवांचे डबे. टॅकोमाला हे झेपायचं नाही, हे मी सरळ कबूल केलं. कॅम्पर येणार असेल तर मोठाच घ्या म्हटलं. पण कॅम्पर आहे कुठे? तर म्हणे, पुढेमागे घेऊ!

आपलं खरं ओझं म्हणजे मंडळाच्या गणपतीचं मखर. चार बाय आठची प्लायवूड. फुलसाइजच्या बेडमध्ये चाकांच्या दोन उंचवट्यांमधली जागा 50 इंचांची, फळी सपाट बसते. टॅकोमात ती जागा चार फुटांहून कमी, फळी उंचवट्यांवर टेकवून न्यायची. हे जिंकल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले. मी विचारलं, आणि लांबी? यांनी पसंत केलेल्याचा बेड साडेपाच फुटांचा! म्हणजे एवढं धूड घेऊनही मागचा फाळका उघडाच टाकायचा.

तेवढ्यात लेकीनं तिसरंच काढलं, होंडाचा रिजलाइन. आहे मिडसाइज, साडेसतरा फूट, पण चाकांमधली जागा 50 इंचांची. शिवाय बेडखाली कुलपाची डिकी, तिला पाणी सोडायला बूच. बर्फ भरून कोकम सरबत ठेवा हवं तर! ओढतो 5,000 पौंड, बास झालं. बांधणी मोटारीसारखी म्हणून यांच्या ऑफिसातले टेक्सन हसतात, हा ट्रकच नव्हे म्हणतात. हसू देत. सासूबाई स्टुलावाचून चढतील.

किमतीचं मात्र विचारू नका. आणि बाहेरचे स्वस्त छोटे पिकअप इथं का येत नाहीत, ठाऊक आहे? कोंबड्यांमुळे! फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीनं अमेरिकेच्या कोंबड्यांवर कर चढवला, म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सनसाहेबांनी 1963 च्या डिसेंबरात बाहेरच्या ट्रकांवर आणि ब्रँडीवर 25 टक्के लावला. ब्रँडीवरचा पुढे उठला, ट्रकवरचा राहिला. कोंबडी खाल्ली कुणी, बिल आलं कुणाला!

शनिवारी रिजलाइन बघायला जातोय. हे अजून धुसफुसताहेत, पण मोजपट्टीपुढे बोलणार काय? भाऊजींना सांगा हवं तर, पण मंडळाच्या ग्रुपवर एवढ्यात टाकू नका हं. आपल्यातल्या कुणी पिकअप घेतला असं कळलं, की कुणाचा सोफा, कुणाची गादी, ढोल-ताशांचं सगळं सामान, आणि आमच्यांना मेलं ‘नाही’ म्हणता येत नाही.