गिअरभाऊ

भांडुपात सायकल न घेतलेली माणसं लाखांनी सापडतील; पण सायकल न घेण्यासाठी एवढे कष्ट उपसलेला माणूस एकच. त्यांचं बारशाचं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलंय. टेंभीपाड्यापासून स्टेशनपर्यंत सगळे त्यांना गिअरभाऊ म्हणतात, आणि भाऊंनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

भाऊंना रोड बाइक घ्यायची आहे. महागडी नाही, अगदी पहिल्या पायरीवरची. रंग ठरला, फ्रेमचं माप ठरलं, टायर किती जाडीचे तेही ठरलं. हेल्मेट, पाण्याची बाटली, बसायच्या जागी गादी शिवलेली चड्डी, हे सगळं केव्हाच घरात येऊन पडलंय. अडलंय ते हँडलवर. गिअर बदलायचा खटका कुठे असावा आणि तो कुठल्या बोटाने दाबावा, या एका मुद्द्यावर अख्खी सायकल दुकानात खोळंबून राहिली आहे.

भाऊंचे वडील एलबीएस रोडवरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला काळ्या सायकलवरून जात. तिला गिअर नव्हता. चढ आला की वडील उतरत, हाच गिअर. आई अजून ऐकवते, "तुझ्या बापाशीन सायकल घेतली तेवां घंटी तेवडी वाजवून बघितल्यान." भाऊ यावर शांतपणे म्हणतात, "आई, तेव्हा पर्याय नव्हते."

बऱ्याच फास्ट लोकल भांडुपला थांबत नाहीत, याचं आम्हाला दुःख आणि भाऊंना सुख. स्लो गाडीत त्यांना श्रोते मिळतात आणि श्रोत्यांना पळायला जागा मिळत नाही. व्याख्यानाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. कांजूरला जुन्या सायकलींच्या तिरक्या दांडीवरचे खटके सुरू होतात. साधे, हलके, बिघडायला त्यात काही नाही. पण गिअर बदलायला हँडलवरचा हात सोडून खाली न्यावा लागतो. "एलबीएस रोडवर? एकीकडे मेट्रोचे खांब, दुसरीकडून रिक्षा घुसतेय, आणि तुम्ही वाकून गुडघ्यापाशी काय शोधताय?" विक्रोळीला हँडलच्या आडव्या भागावर बसवलेला खटका येतो. स्वस्तातल्या सायकलींवर तो दिसतो. इथे हात खाली न्यावा लागत नाही, पण ब्रेकपासून लांब जातोच. गिअर बदलताय त्याच क्षणी समोरच्या टॅक्सीचं दार उघडलं, तर बोटं ब्रेकवर नसतात.

घाटकोपरला निम्मा डबा मेट्रोसाठी उतरतो आणि निम्म्या डब्यापुढे भाऊ 1990 सालात शिरतात. त्या साली जपानच्या शिमानोने ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले. आधी शर्यतवाल्यांसाठी, मग ते वर्षावर्षांनी झिरपत आपल्यासारख्यांपर्यंत आले. कुर्ल्याला शिमानोचा टूर्नी हा संच. यात मागे सात चक्रं. लिव्हर आत ढकलली की चेन मोठ्या चक्रावर, म्हणजे पेडल हलकं. आणि उलट जायचं तर आतल्या बाजूला अंगठ्याने दाबायचं बटण. "पण हँडलच्या खालच्या वळणाला धरून वाकलात की अंगठा तिथे पोचतच नाही!" हे वाक्य भाऊ इतक्या कळवळून म्हणतात की सायनला चढलेल्या माणसाला वाटतं, यांच्या अंगठ्याला काहीतरी झालंय.

दादरला क्लॅरिस. आठ चक्रं, बटण नाही, ब्रेकच्या लिव्हरमागे दुसरी छोटी पाती. पुढे 34 दाते, मागे 32, म्हणजे टेंभीपाड्याचा चढ बसल्या बसल्या. आठाची चेन स्वस्त, कुठेही मिळणारी. इथे ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, मग क्लॅरिस घ्या. पण भायखळ्याला सोरा चढते. तिच्यात नऊ चक्रं. एका चक्रासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, हा प्रश्न मशीद बंदरपर्यंत पुरतो. दहाची टियाग्रा निघेस्तोवर सीएसएमटी येतं आणि विषय उद्यावर जातो.

खरं सांगायचं तर भाऊंचं म्हणणं चूक नसतं. चुकीचं बोलत असते तर त्यांना केव्हाच गप्प बसवता आलं असतं. आमच्या भागातल्या पोरापोरींनी रोड बाइक घेतल्या त्या भाऊंच्याच सल्ल्याने. कोणी विचारायला आलं की भाऊ आधी हात पुढे करायला सांगतात आणि अंगठा ते मधलं बोट असं अंतर मापतात. कुडमुड्या ज्योतिष्यानेसुद्धा एवढा वेळ कोणाचा तळवा धरला नसेल. मग निदान होतं. "तुझी बोटं आखूड आहेत. लिव्हर जवळ आणायचा स्क्रू आहे का ते विचार. आणि दुकानदार चक्रं मोजून दाखवेल, तिकडे बघू नकोस. खाली वाकून, दोन बोटांनी ब्रेक पूर्ण दाबला जातो का ते बघ. तोच खरा शिफ्टर."

पोरगी सायकल घेते, पुढच्या रविवारी हायवे ओलांडून पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला फ्लेमिंगो बघायला जाते, त्याच्या पुढच्या वर्षी दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या आत पुरी करून मेडल गळ्यात घालून येते. भाऊ खाली उभेच असतात. मेडलकडे न बघता विचारतात, "उतारावर छोटी पाती अडकत नाही ना?"

घाई करा असं म्हटलं की भाऊ इतिहास काढतात. टूर द फ्रान्स 1903 साली सुरू झाली, पण चेन सरकवून बदलायचे गिअर त्या शर्यतीत वापरायला परवानगी मिळाली ती 1937 साली. शर्यत भरवणारे हेन्री देग्रांज यांचं मत होतं की गिअर पंचेचाळिशीच्या वरच्यांसाठी ठीक. "फ्रान्स 34 वर्षं थांबलं," भाऊ म्हणतात, "मी थोडा थांबलो तर काय बिघडलं?" शिवाय मधल्या काळात भाऊंनी स्वतःच पंचेचाळिशी ओलांडली आहे, त्यामुळे देग्रांजचीही हरकत उरलेली नाही.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पुरी केली, तेव्हा आम्हाला वाटलं, आता तरी भाऊंना स्फुरण चढेल. चढलं. त्यांनी रात्रभर जागून त्या दोघांच्या सायकलींचे फोटो मोठे करून लिव्हर कोणती ते बघितलं.

मागे एकदा वहिनींनी निर्वाणीचं सांगितलं: या दसऱ्याला सायकल आली नाही तर हेल्मेटमध्ये कोथिंबीर लावीन. भाऊ घाबरले. क्लॅरिस की सोरा, याचा निकाल त्यांनी क्लॅरिसच्या बाजूने लावला, पैसे मोजून पाकिटात घातले आणि मुलुंडच्या दुकानात जायला निघाले. तेवढ्यात बातमी आली की शिमानोने क्यूज नावाचा नवा संच आता रोड बाइकच्या वाकड्या हँडलसाठीही काढलाय. नऊ, दहा आणि अकरा चक्रांत. दात्यांची घडण वेगळी, टिकायला जास्त, आणि जुन्या चक्रांशी मेळ नाही. क्लॅरिस, सोरा, टियाग्रा या सगळ्यांच्या जागी हळूहळू हाच येणार.

भाऊ अर्ध्या वाटेवरून परतले. चेहरा असा फुललेला की शेजाऱ्यांना वाटलं, सायकल बुक झाली. "सगळं पहिल्यापासून बघावं लागणार!" त्यांनी जिन्यातूनच ओरडून सांगितलं.

वहिनी काही बोलल्या नाहीत. पाकीट मागून घेतलं, आणि दसऱ्याला त्या पैशांचा फ्रिज आणला. दुकानात जाताना भाऊंना मात्र सोबत नेलं नाही.