सवलतीला शहर, गाडीला गाव

रत्नागिरीला वाट पाहण्याची परंपरा थेट राजघराण्यापासूनची आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 साली बोटीने इथे आणून सोडलं. परतीची बोट काही लागली नाही आणि 1916 साली राजा इथेच वारला. तरी त्याला समुद्र दिसेल असा राजवाडा बांधून मिळाला होता. माणसाला तीस वर्षं ताटकळत ठेवायचं तर टेकायला बरी जागा द्यावी, एवढी समज परक्या सरकारला होती. आताचं सरकार आपलं आहे. घरच्या माणसाला कोण खुर्ची देतं? तेव्हा मारुती मंदिरला नाहीतर जेल नाक्याला शहर बसची वाट पाहायची ती उभ्याने, जुलैत एका हातात छत्री आणि मे महिन्यात डोक्यावर पदर.

बाहेरच्यांना आधी एक गोष्ट सांगायला हवी. मुंबईला बेस्ट आहे, पुण्याला पीएमपीएमएल, कोल्हापूरला केएमटी. लोक त्यांना मनसोक्त शिव्या घालतात, कारण शिव्या नेमक्या कोणाला घालायच्या हे त्यांना ठाऊक असतं. रत्नागिरीत शहर बस चालवते एसटी. म्हणजे 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सोडणारं, गावाला गाव जोडायला जन्माला आलेलं महामंडळ इथे जयस्तंभापासून साळवी स्टॉपपर्यंत माणसं ने-आण करतं. जिच्या अंगात बोरिवली आणि कोल्हापूर गाठायची रग, तिला दर दोनशे पावलांवर थांब म्हणायचं. तीही वैतागते, आपणही.

नाशिकला असंच होतं. तिथे 2021 च्या जुलैत महापालिकेने सिटीलिंक सुरू केली आणि एसटीने सुटकेचा श्वास सोडला. त्याआधी 2019 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, स्मार्ट सिटीची बस आली. आमच्याकडे महापालिका नाही, नगरपरिषद आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती 76 हजारांच्या घरात. नाचणे, शिरगाव, कुवारबाव, मिरजोळे या बाजूच्या ग्रामपंचायतींत राहणारी आणि रोज शहरात येणारी माणसं त्यात धरलेली नाहीत. ती कागदावर गावकरी आहेत. सकाळी बसमध्ये आपल्या पायावर पाय देऊन उभी असतात तेव्हा मात्र चांगली शहरी वाटतात.

मग केंद्राकडे बघावं. ऑगस्ट 2023 मध्ये ‘पीएम ई-बस सेवा’ मंजूर झाली. 10 हजार विजेच्या बस, 169 शहरं. वाचून जीव सुखावतो. पुढे अट आहे: शहराची लोकसंख्या किमान 3 लाख. आता 76 हजारांचे 3 लाख करायचे तर रत्नागिरीकरांनी काय उद्योग करावा? राज्याचे उद्योगमंत्री आमच्याच मतदारसंघातले आहेत, पण हा उद्योग त्यांच्या खात्यात बसेल असं वाटत नाही.

तेव्हा केंद्राच्या हिशेबात आम्ही शहर म्हणण्याइतके मोठे नाही. चला, गाव तर गाव. कोकणी माणसाला त्याचं वाईट वाटत नाही. पण थांबा, गंमत पुढेच आहे.

17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. त्याआधी ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरी पार केलेल्यांचा प्रवास फुकट झाला होता. दोन्ही निर्णय चांगलेच. खेड्यातल्या किती बायका तेव्हापासून माहेरी, बाजाराला, दवाखान्यात स्वतःच्या हिमतीवर जायला लागल्या, ते कुठल्याही बसस्थानकावर उभं राहिलं तरी दिसतं. पण दोन्ही योजना आल्या तेव्हा त्यांना एक शेपूट होतं: शहरी वाहतुकीला सवलत लागू नाही. आणि त्या शेपटाखाली रत्नागिरी बरोबर सापडली. बस द्यायची वेळ आली तेव्हा आम्ही शहर नव्हतो. सवलत द्यायची वेळ आली आणि रातोरात शहर झालो.

ते शेपूट पुढे गळून पडलं, पण तोवर याचं दृश्य रूप असं असायचं. मारुती मंदिरच्या थांब्यावर दोन लाल गाड्या पाठोपाठ यायच्या. एकीवर ‘शहर’ अशी पाटी, ती कुवारबावपर्यंत जाणार. दुसरी हातखंब्याची, ग्रामीण. रस्ता तोच, खड्डे तेच, महामंडळ तेच. साळवी स्टॉपच्या चढाला दोघीही सारख्याच कण्हतात. पहिलीत बाईला पूर्ण तिकीट, दुसरीत अर्धं. मग कुवारबावला जाणारी शहाणी बाई काय करणार? पहिली गाडी सोडून देणार आणि दुसरीत शिरणार. दुसरीतला हातखंब्याचा माणूस तिच्याकडे खाऊ की गिळू नजरेने बघणार, कारण त्याला पुढे आणखी लांब जायचंय आणि ती मध्येच उतरायला सगळ्यांना बाजूला सारणार. पहिली गाडी अर्धी रिकामी निघून जायची. ही ‘अर्धी रिकामी’ नीट लक्षात ठेवा, तिच्यावर पुढे बरंच अवलंबून आहे.

एसटीच्या बोलीत एक शब्द आहे, भारमान. गाडीत किती जागा आणि त्यातल्या भरल्या किती, त्याची टक्केवारी. एसटीच्या दुनियेत भारमान म्हणजे कुंडली. ते कमी दिसलं की फेरीचं मरण ठरलेलं. कल्पना वाईट नाही, रिकाम्या गाड्या पळवून डिझेल जाळायला कोणीच सांगणार नाही. पण शहराची गर्दी ही लांब पल्ल्याच्या गर्दीसारखी नसते. सकाळी सातच्या सुमारास शाळा-कॉलेजची आणि कामावरची माणसं एका दिशेने कोंबून भरतात. गाडी परत येते ती रिकामी, कारण उलट्या दिशेला त्या वेळी कोणालाच जायचं नसतं. दुपारी एक-दोनला तर चालक, वाहक आणि चुकून झोप लागून शेवटच्या थांब्यापर्यंत गेलेला एखादा. मग संध्याकाळी पुन्हा तोबा गर्दी. दिवसाची सरासरी काढली की आकडा मरगळलेला निघतो. दुपारची रिकामी गाडी कोणालाही मोजता येते, संध्याकाळची गर्दी मोजायला आत शिरता तर आलं पाहिजे!

मग फेरी कमी होते. फेरी कमी झाली की उरलेली गाडी कधी येईल याचा नेम राहत नाही. नेम नाही म्हटल्यावर ज्याच्या खिशात रिक्षाचे पैसे आहेत तो रिक्षा करतो, ज्याला हप्ता परवडतो तो स्कूटर काढतो. थांब्यावर उरतात पासवाली पोरं, म्हाताऱ्या आणि टोपल्या. भारमान आणखी घसरतं आणि आणखी एक फेरी जाते. वर कागदावर शेरा पडतो, ‘प्रवाशांचा प्रतिसाद नाही.’ प्रतिसाद होता हो, तो थांब्यावर अर्धा तास उभा होता. शेवटी रिक्षाने गेला.

एकदा पावसाळ्यात आतलं चित्र बघावं. रत्नागिरीत पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्यातला बराचसा छपरातून थेट प्रवाशांपर्यंत पोचवण्याची सोय जुन्या गाड्यांत असते. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली, ती वरही जात नाही, खालीही येत नाही. चाळीस छत्र्यांचं पाणी चाळीस जणांच्या चपलांत. पुढच्या बाजूला मिरकरवाड्याहून निघालेली मावशी, पायाशी बांगड्याची पाटी, आणि त्या पाटीवरून पाय उचलून टाकणारा कॉलेजचा मुलगा, पाठीवरची सॅक दुसऱ्याच्या नाकाशी. वाहक दाराजवळून हलू शकत नाही. मग पैशांचा प्रवास सुरू होतो. मागच्या सीटवरून वीसची नोट सहा हातांतून पुढे जाते, ‘एक नाचणे’ म्हणत. तिकीट आणि सुट्टे त्याच सहा हातांतून मागे येतात आणि एक रुपयाही वाटेत हरवत नाही. राज्याच्या तिजोरीतून रत्नागिरीपर्यंत पैसे इतक्या सरळ येत असते तर हा मजकूर लिहावाच लागला नसता.

“पुढे सरका, पुढे सरका.”

“कुठं सरकू मेल्या, पुढे डायवर हाय!”

मावशींचं उत्तर बिनतोड असतं. वाहकालाही ते माहीत असतं, पण ‘पुढे सरका’ म्हणणं हे त्याच्या नोकरीचा भाग आहे.

वाहक-चालकांवर राग काढण्यात मला रस नाही. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला त्यांचा संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. राज्य शासनात विलीनीकरण हवं, ही मागणी होती. विलीनीकरण झालं नाही. तेवढ्या महिन्यांत झाली ती प्रवाशांची फारकत. एकदा माणूस लाल गाडीवाचून जगायला शिकला की त्याला परत आणणं सोपं नसतं, आणि त्याला परत आणायचा कोणी खास प्रयत्न केला असंही नाही.

प्रयत्न झाले ते दरवाढीचे. जानेवारी 2025 मध्ये भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. पंधरा नाही हं, चौदा पूर्णांक पंच्याण्णव. बाटाच्या चपलेची किंमत ठरवणारा माणूस निवृत्तीनंतर महामंडळात सल्लागार म्हणून लागला असावा. आणि त्याच वर्षी जुलैपासून आगाऊ आरक्षण करणाऱ्यांना 15 टक्के सूट जाहीर झाली. अट, प्रवास दीडशे किलोमीटरच्या वर. मांडवी ते कुवारबाव अशा वीसेक फेऱ्या एकाच तिकिटावर मिळत असतील तर आम्हीही आरक्षण करायला तयार आहोत. फक्त गाडी कधी येणार ते आरक्षणाच्या खिडकीवर सांगावं.

गाड्या कुठे जातात, हा प्रश्न बायका थांब्यावर हमखास विचारतात. जातात, चांगल्या कामाला जातात. आषाढीला पंढरपूरला जातात, त्याला कोण नाही म्हणेल? गणपतीत चाकरमान्यांना पोचवायला जातात. तिथे तर आम्हीच स्टँडवर हार घेऊन उभे असतो. पण 2023 साली ‘शासन आपल्या दारी’ नावाचा कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यात झाला आणि लाभार्थ्यांना मांडवात आणायला एसटीच्या गाड्या लागल्या. शासन दारी येणार म्हणून जनतेला गाडीत घालून शासनाच्या दारी न्यायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला पद्म पुरस्कार द्यायला हरकत नाही. आपल्या नेहमीच्या गाडीच्या काचेवर ‘प्रासंगिक करार’ अशी पाटी दिसली की समजावं, आज लोकशाही भरात आहे आणि आपल्याला चालत जायचंय.

रेल्वेचं सांगायलाच नको. 26 जानेवारी 1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावतेय. स्टेशन पडलं गावाबाहेर. मुंबईहून माणूस पाच-सहा तासांत रत्नागिरीला पोचतो आणि मग रत्नागिरीत पोचायला निघतो. रात्रीच्या गाडीने उतरलेल्यांनी सामान डोक्यावर घेऊन रिक्षावाल्याच्या चेहऱ्याचा अभ्यास करावा. शहर बस त्या वेळी झोपलेली असते. तिलाही विश्रांती हवीच.

नाही म्हणायला आमचं नवं बसस्थानक झालं. काम इतकी वर्षं रखडलं की त्या खड्ड्याकडे बघत शाळेत गेलेली मुलं कॉलेजात गेली. तोवर रहाटाघराच्या स्टँडवर सगळा भार आणि लोक रस्त्याच्या कडेला. 2025 मध्ये एकदाचं लोकार्पण झालं. आता वाट पाहायला प्रशस्त जागा आहे. थिबाच्या बरोबरीला आलो म्हणायचं.

‘वाट पाहीन पण एसटीनेच जाईन’ ही घोषणा महाराष्ट्राला पाठ आहे. रत्नागिरीकर तिचा पूर्वार्ध अजून निष्ठेने पाळतात.

मुद्दा तोट्याचा आहे, हे कळायला अर्थशास्त्री लागत नाही. शहर वाहतूक जगात फारशी कुठे तिकिटावर पोट भरत नाही. बेस्ट, पीएमपीएमएल सगळ्यांना कोणीतरी पदरचे पैसे घालतं. पुण्यात दोन महापालिका घालतात, म्हणून त्यांच्या सभागृहात निदान भांडण होतं. इथे एसटीने तोटा सोसायचा आणि सोसत नाही म्हणून फेऱ्या कापायच्या, नगरपरिषदेने रस्त्याच्या दुभाजकात झाडं लावायची, आणि कुवारबाव-शिरगावच्या ग्रामपंचायतींनी ‘आमच्या हद्दीत शेड हवी’ असा ठराव करायचा. तोटा तिघांत वाटून घ्यावा आणि त्या बदल्यात सकाळ-संध्याकाळच्या ठराविक फेऱ्या ठरल्या वेळी मागून घ्याव्यात, असं कोणी बोलल्याचं माझ्या तरी कानावर नाही. सवलतीच्या घोषणेला फोटो निघतो. सातची गाडी सातला आली, याचा फोटो कोण आणि कसा काढणार?

तोवर एक बिनखर्चाची सूचना करतो. गाडीच्या पुढच्या काचेत ती ‘शहर’ लिहिलेली पाटी असते ना, ती मागच्या बाजूनेही रंगवून घ्यावी. मागे लिहावं ‘ग्रामीण’. सवलतीला पुन्हा शेपूट फुटलं, तर बायका चढायला लागल्या की वाहकाने पाटी उलटायची, अर्धं तिकीट फाडायचं आणि सगळ्या बसल्या की पुन्हा सुलटी करायची. केंद्राचं पथक आलं तर पुन्हा ‘शहर’. मोर्चा आला तर कोणती बाजू ते विभाग नियंत्रकांना विचारावं. रंगाचा खर्च भारमानात बसत नसेल तर वर्गणी काढू. शिमग्याला काढतोच, त्यात दहा-दहा रुपये वाढवून मागितले तर कोणी नाही म्हणणार नाही. टक्क्यांत सांगायचंच झालं तर 14.95 सांगू.