चक्रवाढ सर

चांदवड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिकवणारे आमचे चक्रवाढ सर चौतीस वर्षांचे आहेत. पण त्यांच्या घरात चालतं ते अठ्ठावन्न वर्षांच्या एका गृहस्थाचं. हे गृहस्थ म्हणजे निवृत्त झालेले सर स्वतःच. ते अवतरायला अजून चोवीस वर्षं आहेत, पण घरात पहिला मान त्यांचा. नवा सोफा घ्यायचा? त्यांना विचारा. पाहुण्यांना श्रीखंड आणायचं की शिऱ्यावर भागवायचं? तेच ठरवणार. आणि त्यांचं उत्तर ठरलेलं : “मग म्हातारपणी आम्ही काय खायचं?”

असा एक तरुण आता प्रत्येक स्टाफरूममध्ये सापडतो. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली आणि मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या दहा टक्के कपात सुरू झाली. सरकार आपला वाटा घालतं, पैसे बाजारात गुंततात आणि शेवटी साठलेल्या रकमेतल्या निदान चाळीस टक्क्यांतून पेन्शन विकत घ्यावी लागते. जुन्या पेन्शनीच्या गुरुजींना ही कटकट नाही. त्यांचा घरात थाटच वेगळा. नुसती शिंक आली तरी मुलगा गाडी काढून नाशिकला न्यायला तयार, आणि सून ‘बाबा, स्वेटर घाला’ म्हणून मागे लागलेली. पेन्शन जपायची तर पेन्शनरही जपावा लागतो.

सर २०१९ साली शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलातून लागले. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन महिना ६,००० रुपये. तीन वर्षं सहा हजारांत काढलेला माणूस पुढे कशालाच घाबरत नाही. फक्त खर्चाला घाबरतो. मार्च २०२३ च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणताना सरांची उजवी मूठ हवेत होती आणि डाव्या हातात मोबाइलचा कॅल्क्युलेटर. सात दिवसांचा पगार कापला गेला तर अठ्ठावन्नाव्या वर्षी खड्डा केवढा पडेल, याचा हिशेब चालला होता. संप २० मार्चला मिटला. हिशेब अजून चालू आहे.

त्यांचा गुरुमंत्र बहात्तरचा. बहात्तरला दराने भागा, रक्कम दुप्पट व्हायची वर्षं मिळतात. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट, चोवीस वर्षांत चौपट. स्टँडवरच्या चहावाल्याला त्यांनी हे एकदा तळमळीने समजावलं, “तुझा दहाचा चहा तेव्हा चाळीसला जाईल बघ!” चहावाला म्हणाला, “सर, मग आजपासूनच सुरुवात करू का?”

लग्नसुद्धा याच रीतीने जमलं. पोह्यांच्या बशीमागून सरांनी मुलीला एकच प्रश्न विचारला, “पीएफ कापतात ना?” मुलगी एका खासगी महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरीला. ती म्हणाली, “माझे बारा टक्के, संस्थेचे बारा. पण संस्थेच्या बारातले ८.३३ पेन्शन योजनेत जातात, तेही पंधरा हजारांच्या मर्यादेवर. म्हणजे महिना साडेबाराशे. तुम्हाला माहीत असेलच.” सरांना माहीत नव्हतं. त्यांनी दुसरी बशी मागून घेतली आणि लग्न ठरलं.

लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला मॅडमना भेट मिळाली ती सरांच्या एक कोटीच्या मुदत विम्याची. वारसाच्या रकान्यात त्यांचं नाव. मॅडम म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही आहात तोवर पाचशेची साडी, आणि गेल्यावर कोटभर!” सरांनी हे कौतुक समजून मान डोलावली.

सरांचे वडील, आबा, कांदेवाले. निवृत्ती हा शब्द त्यांनी मुलाच्या तोंडूनच ऐकला. त्यांची सगळी तरतूद चाळीत भरलेली : उन्हाळ कांदा चार-पाच महिने धरायचा आणि भाव चढेल म्हणून वाट बघायची. वजन घटतं, कोंब येतात, उमेद टिकते. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने निर्यातबंदी लागू केली आणि भाव धाडकन कोसळला. सर म्हणाले, “आबा, यालाच जोखीम म्हणतात. त्यापेक्षा दर महिन्याला एसआयपी करा.” आबांनी फंडाचा कागद मागवला, चष्मा लावला आणि तळाची बारीक ओळ मोठ्याने वाचली : बाजारातील जोखमीच्या अधीन. कागद परत देत म्हणाले, “बाजारसमितीत हे सांगाया कागद लागत नाही रे.”

स्टाफरूममध्ये सरांची टिंगल रोज होते. पण करबचतीचा फेब्रुवारी उजाडला की टिंगल करणारेच एकेक करून मोटारसायकल त्यांच्या दारापासून जरा लांब लावून येतात. “सर, ते पीपीएफचं जरा... पंधरा वर्षं ना? आणि वर्षाला दीड लाखच?” सर कोणालाच रिकाम्या हाती पाठवत नाहीत. चहा मात्र पाहुण्याने आपापला पिऊन यावा.

एवढ्या बंदोबस्ताला भगदाड पडलं ते केरळमुळे. रविवारी दोघं चंद्रेश्वरचा डोंगर चढत होते. फुकट असल्यामुळे ही करमणूक सरांना मान्य आहे. मॅडमनी केरळचा विषय काढला. खर्च साठ हजार. सर पायरीवरच थबकले. “साठ हजार बारा टक्क्यांनी चोवीस वर्षं ठेवले तर सोळा पट होतात. ही सहल नऊ लाख साठ हजारांची आहे! त्यापेक्षा निवृत्त झाल्यावर निवांत जाऊ.”

मॅडमनी बहात्तरला सहाने भागलं. “तेव्हा तीच सहल दोन लाख चाळीस हजारांना पडेल. आत्ता गेलो तर एक लाख ऐंशी हजार वाचले. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे कुठल्या दराने मिळतील? त्यांचं कोष्टक दाखवा ना जरा.”

सरांनी रात्री सगळी कोष्टकं चाळली. सोनं होतं, विमा होता, पोस्टाचं आवर्ती खातं होतं. गुडघे कुठेच नव्हते. शेवटी त्यांनी नवा रकाना पाडला, ‘गुडघे असेपर्यंत’, आणि त्यापुढे साठ हजार मांडले.

दिवाळीच्या सुट्टीत दोघं मनमाडला मंगला एक्स्प्रेसमध्ये बसले. मुन्नारला मॅडमनी ढगांचे फोटो काढले, हत्तीवरही बसून आल्या. सर हॉटेलच्या काउंटरवर उभे राहून मॅनेजरला विचारत होते, “ज्येष्ठ नागरिकांना तुमच्याकडे किती टक्के सूट आहे? आणि बुकिंग आत्ता केलं, तर आजच्याच दराने धराल ना?”